राखेची राखण

अक्का, आज सकाळी तुझ्या भावजयीने, सुमनने, गच्ची धुतली, दाजींचं जुनं धोतर अंथरलं आणि चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या. विटा तूच कधीतरी आणून ठेवलेल्या, त्यामुळे शोधाव्या लागल्या नाहीत. ज्वारीचे ओले बिबडे पापडांसारखे धोतरावर घालून झाल्यावर तिने माझ्या हातात काठी दिली आणि म्हणाली, "बसा आता. अक्का नाहीत म्हणून चिमण्या यायच्या थोड्याच राहणार आहेत?" तुला जाऊन सव्वा महिना झाला. तू नसतानाचे हे पहिले बिबडे.

पेपरात तुझा फोटो आला होता. वय, गाव, मागे कोण कोण, सगळं छापलं. छापायचं राहिलं ते एवढंच, की धुळ्याच्या हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या तुझ्या धाकट्या भावाची शिकवणी तू याच गच्चीवर दहा उन्हाळे घेतलीस. फी म्हणून वर्षाचे बिबडे तूच द्यायचीस, हा आणखी उलटा व्यवहार.

ज्यांना माहीत नाही त्यांना नवल वाटायचं. केळीच्या मुलखात दिलेली बाई, घरी अंगण आहे, माळवद आहे, सुना आहेत, आणि ही ज्वारीचा डबा काखोटीला मारून दोन एसट्या बदलत धुळ्याला बिबडे घालायला येते. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलंही होतं, की तिकडे ऊन पडत नाही का. तू म्हणालीस, "ऊन पडस ना. उनसंगे आखो बरंच काही पडस."

पडायची ती राख. तू तापीकाठी नांदायला गेलीस तेव्हा तुझ्या घरात रॉकेलची चिमणी होती. पुढे गावात वीज आली आणि ती चिमणी फडताळात गेली. आणखी काही वर्षांनी कोसभरावर कोळशाचं वीज केंद्र उभं राहिलं, त्याची चिमणी आभाळात गेली. वारा फिरला की केळीच्या पानावर बोट फिरवावं आणि रेघ उठावी, असे दिवस आले. वीज मात्र त्याच गावाला पाळीपाळीने. फडताळातली चिमणी परत खाली उतरली. तेव्हा तू मला पत्रात लिहिलं होतंस, मुलीच्या हाताने पण तुझ्या शब्दांत: "आते दोन्ही चिमण्या शेतस घरमा, उजेड मातर नही."

ओल्या बिबड्यावर पडलेली राख झटकता येत नाही, ती आतच वाळते. त्या वर्षी जेवताना तुझ्या सासऱ्यांनी बिबड्याचा तुकडा तोंडातून काढून ताटाच्या कडेला ठेवला. बोलले असते तर बरं झालं असतं, असं तू मला सांगितलंस. ज्या बाईच्या हातचे बिबडे पाहुण्यांना बांधून द्यायचे, तिच्या बिबड्यात कचकच! पुढच्या उन्हाळ्यात तू ज्वारी घेऊन माझ्या दारात उभी होतीस.

आणि आल्याबरोबर मला राखणीला बसवलंस. वर्गात साठ पोरांना गप्प बसवणारा माणूस, डोक्याला ओला पंचा गुंडाळून चिमण्या हाकत होता. तू पाठमोरी बसून धोतरावरून बिबडे सोडवायचीस आणि प्रश्न विचारायचीस. माझं नाव तू कधी घेतलं नाहीस. खूश असलीस की मी "भाऊ", आणि रागावलीस की "मास्तर". त्या गच्चीवर मी बहुतेक वेळ मास्तरच होतो.

अक्का, आता ते सांगतो. चेर्नोबिलची भट्टी फुटली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आपल्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत माझं भाषण होतं. "अणुवीज नको." मी तयारी केली होती, आवाज तापवला होता, आणि लोक अगदी शांत बसले होते. तू बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत, खांबाला टेकून. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर कुणी उठेना, तेव्हा तू उठलीस. डोक्यावरचा पदर सारखा केलास आणि विचारलंस, "मास्तर, भट्टी उनी म्हंजे राख उनी. तुनी भट्टीनी राख कोठे जास?"

लोक हसले. भट्टी आली की राख आलीच म्हणतेस, म्हणजे अणुभट्टी तुला वीटभट्टी वाटली, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. आणि वाटलं एवढ्यावर मी थांबलो नाही. मी म्हणालो, "अक्का, तिथे राख नसते, तिथे मरण असतं. तुम्ही आपले बिबडे सांभाळा." सभागृह खळाळून हसलं, टाळ्याही पडल्या. घरी तुला तू म्हणणारा मी, तिथे मोठ्या ऐटीत तुला तुम्ही म्हणालो. तू खाली बसलीस. घरी आल्यावर रात्री मला आवडते म्हणून ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी केलीस. माझ्या घशाखाली ती उतरली नाही असं लिहायला बरं दिसेल, पण मी तीन खाल्ल्या. मी त्या दिवशी फार खुशीत होतो.

दुसऱ्या वर्षी, पहिलाच बिबडा सोडवताना, तू वर न बघता म्हणालीस, "तूच सांगं व्हतं ना, तठे राख नही म्हनीसन. मंग वाईट काय शे?"

वर्षभर तू तो प्रश्न जपून ठेवला होतास. आणि मी अडकलो. टाळी मिळवण्यासाठी बोललेलं वाक्य माझ्याच गळ्यात आलं. मला कबूल करावं लागलं, की राख असते. जळून झालेलं इंधन, तीच तिची राख. ती हजारो वर्षं जहाल राहते, तिला हात लावता येत नाही. तू विचारलंस, "कितली?" मी सांगितलं, की बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या असतात, नळ्यांत भरलेल्या. बैलगाडीभर कोळसा जाळून निघत नाही एवढी उष्णता एकेक गोळी देते. आणि जळून झाल्यावरही ती गोळी तेवढीच राहते, तिथल्या तिथे, नळीतच. तू हातातला बिबडा उलटा करून ठेवलास. मग म्हणालीस, "थोडी राख राखता येस रे. डोंगरभर राख कोन राखी?"

शास्त्राच्या चार पुस्तकांत मला जे वाक्य सापडलं नव्हतं ते तू राख आणि राखण या दोन शब्दांत बसवून दिलंस. मी ते लगेच मान्य केलं असं मात्र नाही. हरलेला मास्तर म्हणजे फार चिवट प्राणी. पुढची पाचसहा वर्षं मी भांडलो.

मी म्हणालो, अणुकेंद्र बांधायला फार खर्च येतो आणि वर्षानुवर्षं लागतात. तू विहिरीचं उदाहरण दिलंस, "हीर खंदाले पैसा एकदमच लागस. पानी मातर नातू-पंतू पेतस." मी म्हणालो, कोळसा आपल्याच देशातला आहे, स्वस्त आहे. त्यावर तू मला केळीच्या वॅगनी शिकवल्यास. घड कापून स्टेशनवर आणून टाकलेले असायचे, दिल्लीच्या गाडीची वाट बघत. आणि समोरच्या रुळावरून कोळशाच्या गाड्या धडधडत जायच्या. आधी त्यांना वाट. "कोयसा सडत नही, केयं सडतस. तरी बी पहिले कोयसानी गाडी." दाजी फलाटावर घडांवर ओली पानं टाकत बसायचे. मी तेव्हा हसलो होतो. पण घरी येऊन विचार केला, की खरंच, कोळशाची किंमत सांगताना आपण खाण आणि भट्टी एवढंच धरतो. रूळ कुणाचे अडले, केळं कुणाचं पिकून काळं पडलं, पानावर काय साचलं, बिबड्यात काय कचकचलं, हे त्यात धरतच नाही. ते सगळं तुमच्या पदरात टाकायचं आणि मग म्हणायचं, कोळसा स्वस्त आहे. अणुकेंद्राचं वर्षभराचं इंधन थोड्याशा ट्रकांत येतं. त्याच्यासाठी कुणाचा घड थांबत नाही.

मग मी उन्हाचं काढलं. वर एवढा सूर्य तापतोय, त्याची वीज करू. तू धोतरावरच्या बिबड्यांकडे हात केलास. उन्हावर बिबडा वाळतो, पण दाजींची विहिरीवरची मोटार त्यावर चालेल का, आणि आज चालेल का, असं विचारलंस. माझ्याकडे "पुढे कधीतरी" असं उत्तर होतं. केळीला पुढे कधीतरी पाणी देऊन चालत नाही.

पृथ्वी तापते आहे असं पेपरात येऊ लागलं, तेव्हा मी तुला कात्रण वाचून दाखवलं. कोळशाच्या धुरातला वायू वर साचतो, गोधडीसारखा उष्णता धरून ठेवतो. तू धुळ्याच्या उन्हात घाम पुसत म्हणालीस, "धुयाले आखो तपाले काय बाकी शे?" हसून हसून माझी काठी हातातून पडली आणि चिमण्यांनी एक अख्खी ओळ टोचली. पण त्याच दिवशी मला कळलं होतं, की मी आता फक्त सवयीने भांडतोय.

शेवटचा दगड ढासळला तो माझ्याच वाचनाने. कोळशाच्या राखेतही युरेनियम असतं, अगदी थोडं, पण असतं, असं मी वाचलं आणि तुला न सांगता राहवेना. मी जिना चढून वर आलो तर तू झोपेला आली होतीस. ऐकून ताडकन उठून बसलीस. म्हणजे जे तिकडे कुलपात ठेवतात तेच इकडे आमच्या गावावर उधळतात, असं तू म्हणालीस, आणि मग बराच वेळ हसत होतीस. त्या हसण्यातच तुला खोकला लागला.

त्या खोकल्याबद्दल मी जपून लिहितो. डॉक्टरांनी चिमणीचं नाव घेतलं नाही. तू पन्नास वर्षं चुलीपुढे बसलीस, कपाशी वेचलीस, त्या धुळीतही काही कमी नव्हतं. तुझा जीव राखेने घेतला असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही, आणि बिनपुराव्याचं बोललेलं तुला खपायचं नाही. तू तर चेर्नोबिललाही सहजासहजी सोडलं नव्हतंस. तिथली माणसं, त्यांची घरं, त्यांचं ओतून द्यावं लागलेलं दूध, सगळं माझ्याकडून पुन्हा पुन्हा ऐकून घेतलंस. ती भट्टी ज्या तऱ्हेची होती तशी आपल्याकडे बांधत नाहीत, तिच्यावर जाड काँक्रीटचं कवचच नव्हतं, हे मी सांगितल्यावर तू म्हणालीस, की झाकण न ठेवता उकळतं भांडं सोडून जाणाऱ्या बाईला शहाणी म्हणत नाहीत, पण म्हणून कुणी स्वयंपाक टाकत नाही.

चार वर्षांपूर्वी मी हार मानली. इथेच, या जिन्याच्या तोंडाशी. "अक्का, तुझं बरोबर आहे. आणखी अणुकेंद्रं हवीत. नीट बांधलेली, नीट राखलेली, पण हवीत." तुला आनंद झाला असेल, पण तू दाखवला नाहीस. बिबडे डब्यात भरत म्हणालीस, "लोकेसमोर चुकना, लोकेसमोरच सांगजो."

चुकलो लोकांसमोर, म्हणून कबुलीही लोकांसमोरच द्यायची; हो म्हणालो मी. आणि अक्का, त्यानंतर प्रत्येक उन्हाळ्यात वाचनालयाने मला बोलावलं, आणि मी पहिल्या वर्षी ग्रहणांवर बोललो. दुसऱ्या वर्षी धूमकेतूंवर. तिसऱ्या वर्षी साबणाच्या फुग्यांवर, तेही सप्रयोग. गावात मी "अणुविरोधी सर" म्हणून ओळखला जात होतो. माझ्या वर्गातली मुलं त्या भाषणातली वाक्यं वक्तृत्वात म्हणून बक्षिसं आणत होती. ते नाव सोडायला जीव होईना. तू मात्र दरवर्षी बिबडे झाले तरी दोन दिवस जास्त राहायचीस, व्याख्यानासाठी. तिसरी रांग, खांबाजवळ. घरी येताना एवढंच म्हणायचीस, "ग्रहन बरं सांगं." "फुगा बरा फोडा." चांगलं सांगितलंस असं म्हणताना तू टोमणा मारत नव्हतीस, खरंच कौतुक करत होतीस. म्हणून मला ते जास्त लागायचं.

फाल्गुनात जळगावच्या दवाखान्यात तुला भेटलो तेव्हा तुझ्या नाकाला नळी होती. तू खुणेने विचारलंस, यंदा विषय काय. मी म्हणालो, तुझाच. तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "बरं भाऊ." मास्तर म्हणाली नाहीस. चार दिवसांनी तू गेलीस. तुला खरं वाटलं होतं की मला बरं वाटावं म्हणून तू तसं म्हणालीस, हे मला आता कधीच कळायचं नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही राख सावडायला तापीवर गेलो. लांब पलीकडे ती चिमणी धूर सोडत होती. दाजी म्हणाले, "मास्तर, तुमच्या बहिणीले राखेचा लई राग व्हता, आन् आज पाहा." आणि रडू लागले. मी राख हातात घेतली. ती अजून कोमट होती. ओंजळीत मावेल एवढी मी उचलली आणि दोन्ही हातांनी झाकली. वारा होता. एक कण उडू दिला नाही, अक्का, पाण्यापर्यंत.

हीच तापी पुढे गुजरातेत जाते, आणि तिथे तिच्याच पाण्यावर आता एक अणुवीज केंद्र चालू झालं आहे. आपल्या धुळ्यापासून एका दिवसात जाऊन येता येईल. पुढच्या उन्हाळ्यात तुला घेऊन जायचं माझ्या मनात होतं. तुझ्या प्रश्नांपुढे तिथल्या साहेबांची काय गत झाली असती, ते बघायचं होतं.

गेल्या रविवारी व्याख्यान झालं. फळ्यावर मी विषय लिहिला तो तुझ्याच शब्दांत. "राख कोठे जास?" मागे कुणीतरी हसलं. मी थांबलो. हसू विझेपर्यंत थांबलो, जसा त्या दिवशी तुझ्यासाठी थांबलो नव्हतो. मग सांगितलं, की हा प्रश्न माझ्या बहिणीने याच सभागृहात विचारला होता, तो बरोबर होता, आणि मी तिचा अपमान केला. टाळ्या घेतल्या त्या परत करतो. पुढचा तासभर मी तुझीच शिकवणी उगाळली. वॅगनी, विहीर, बिबडा, चिमणी. कोळसा किती महाग आहे आणि ते कोण सोसतं. माझा एक जुना विद्यार्थी, आता वकील, मध्येच उठून निघून गेला. त्याने माझ्याच भाषणावर ढाल जिंकली होती. वाईट वाटलं, पण थांबलो नाही. गेल्या दहा वर्षांत एवढ्या निश्चिंत आवाजात मी बोललो नव्हतो.

शेवटी प्रश्न विचारा म्हटलं. तिसऱ्या रांगेतून एक बाई उठली. तुझ्याएवढी नाही, बरीच तरुण. म्हणाली, "सर, थोडी राख राखता येते हे पटलं. पण इतकी वर्षं राखत बसणार कोण?"

पूर्वीचा मी असतो तर हशा पिकवला असता. मी म्हणालो, "आपणच. आज आपण, उद्या तुमची मुलं. आधी आपण बसून दाखवावं लागेल, म्हणजे पुढचे बसतील. राखणाऱ्याला डुलकी चालत नाही, एवढं मला माहीत आहे, मी दहा वर्षं राखणीला बसलो आहे." ती बसली. तिचं पूर्ण समाधान झालं नाही हे मला दिसलं, आणि अक्का, मला ते आवडलं. ती पुढच्या वर्षी पुन्हा येईल.

तुझी खांबाजवळची जागा कुणी घेतली नव्हती. मी तिकडे दोनदा पाहिलं.

आता दुपार कलली आहे. सुमन दोनदा वर येऊन गेली, म्हणाली, आत या, ऊन लागेल. बिबडे वरून वाळलेत, खालून अजून ओले आहेत, संध्याकाळी उलटवावे लागतील. एक कडेचा मी तोडून खाल्ला. लसूण थोडा जास्त झालाय. कचकच अजिबात नाही.

चिमण्या कठड्यावर बसून माझी डुलकी लागायची वाट बघतायत. बसू देत. मी जागा आहे.